कारण क्रमांक सात

वूच शहराबाहेर, मोटाररस्त्याच्या कडेला,
बिनखिडक्यांच्या गोदामात मी परतीचा माल उघडते.
तासाला बावन्न पाकिटं.
लोक काय घेतात ते दुकानाला ठाऊक,
का ठेवत नाहीत ते मला.

फॉर्मवर सात कारणं छापलेली:
लहान झालं, मोठं झालं, उशिरा आलं,
चित्रात होतं तसं नाही...
बहुतेक जण शेवटच्यावर खूण करतात:
मन बदललं.

बदललेल्या मनांना वास असतो.
शनिवारच्या लग्नाचा, तळलेल्या माशाचा,
घामावर घाईने मारलेल्या अत्तराचा.
किमतीची चिठ्ठी पाठीत खोचून नाचलंय कुणीतरी,
टाचणीचं भोक सांगतं.
काळ्या कोटाच्या खिशात
दफनभूमीबाहेरच्या मेणबत्त्यांची पावती.
एकदाच लागणार होता तो. मी काय बोलणार?
"नव्यासारखा" हे बटण दाबते.

केम्निट्झच्या हायड्रुन किट्लर
दर आठवड्याला सगळंच परत पाठवायच्या.
चार स्वेटर, चारही परत. दिवा. पडदे.
लहान मुलाचे बूट, दोन मापांत.
घडी माझ्याहून नीट.
"डोकं फिरलंय बाईचं," लेस्या म्हणाली,
आणि मी हसले.

मग जानेवारीत तापाने नऊ दिवस घरात पडून होते.
दहाव्या दिवशी बेल वाजली.
शेजाऱ्यांचं पाकीट घेऊन कुरिअरवाला.
"सही करा," म्हणाला. आणि जाता जाता,
"बाहेर फार गारठा आहे."
दहा दिवसांत माझ्याशी कुणी बोललेलं
ते पहिलं वाक्य.
दार लावून मी कितीतरी वेळ तिथेच उभी.
किट्लरबाई स्वेटर मागवत नव्हत्या.

माझी आई, गेनोवेफा, गिरणीत माग चालवायची.
गिरणीचा आता मॉल झालाय;
माग होता तिथे आइस्क्रीम मिळतं, असं ती म्हणते,
पण जागा दर वेळी वेगळी दाखवते.
जन्मभरात तिचे कोट दोन.
तिला साधी राहणी वगैरे म्हणू नका, तिला राग येतो.
दुकानात नव्हतेच, म्हणते.
रांग दिसली की आधी उभं राहायचं,
मग पुढच्याला विचारायचं, कशाची आहे?
हाव तीच आहे, आई.
फक्त रांग आता हातात मावते
आणि पुढे कुणी नसतं विचारायला.

मार्चमध्ये किट्लरबाईंचं पाकीट आलं, हलकं.
एकच तपकिरी जाकीट.
खालचं बटण निळ्या दोऱ्याने शिवलेलं.
सातही चौकोन कोरे, आणि खाली पेनाने:
"बटण तुटून आलं होतं. लावलंय.
आता टाकू नका, कुणाला तरी द्या."
मी कोड वाचला. पडद्यावर लाल अक्षरं:
बदल केलेला माल. नष्ट करा.
आमच्या पिशव्या दारावर तपासतात.
निळ्या दोऱ्यावरून एकदा अंगठा फिरवला
आणि जाकीट गठ्ठ्याच्या तोंडात सोडलं.
शूर असते तर ही कविता वेगळी झाली असती.

त्यानंतर त्यांचं काही आलं नाही.
बऱ्या झाल्या, वारल्या,
की दारात कुणी न बोलावता येऊ लागलं,
त्याला फॉर्मवर चौकोन नाही.

रात्री अकरा. माझ्याही फोनवरची टोपली भरलेली,
पाच वस्तू, उद्या सकाळपर्यंत सवलत.
एकेकीवर मी आधीच खूण करून बघते,
जणू ती माझ्याच टेबलावर परत आलीय.
फुलदाणी: सात. हिरवा ड्रेस: सात.
सँडल: चित्रात आहे तसं नाही, कारण चित्रात समुद्र आहे.
दुसरा ड्रेस: सात, सात, सात.
उरतात लोकरी मोजे.
जुन्यांच्या टाचा आईने दोनदा रफू केल्यात,
आता रफूलाच भोक पडलंय.
मोजे घेते.

मग लेस्याला फोन लावते.
"काय गं, एवढ्या रात्री? काही हवंय?"
"नाही," म्हणते.
ती थांबते. पलीकडे किटली शिट्टी देते, ती गॅस बंद करते.
"मग बोल," म्हणते.